उजळाईवाडीचे प्रवासी मोजण्याआधी जागा मोजा

भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला सगळ्या विमानतळांची आकडेवारी प्रसिद्ध करतं. त्यात कोल्हापूरचा आकडा चढलेला दिसला की शहरात कौतुक होतं, उतरला की लगेच म्हटलं जातं, 'कोल्हापूरकरांचा प्रतिसाद नाही.' हे दुसरं वाक्य मला फार खटकतं, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. मुंबई-दिल्लीसारख्या विमानतळावर जागा इतक्या असतात की प्रवासीसंख्येवरून मागणीचा अंदाज बांधता येतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळासारख्या ठिकाणी दिवसाला मोजकी विमानं येतात. तिथला आकडा मुख्यतः एवढंच सांगतो की कंपन्यांनी त्या महिन्यात किती जागा विकायला ठेवल्या होत्या.

कोल्हापूर-मुंबई मार्गच घ्या. छोट्या शहरांना विमानसेवा मिळावी म्हणून केंद्राने आणलेल्या उडान योजनेत हा मार्ग २०१७-१८ च्या सुमारास एअर डेक्कनने सुरू केला, १८ आसनी बीचक्राफ्ट विमानाने. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट सुमारे ७२ आसनी एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान, घेऊन आली. ती थांबल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअर आली. त्यांच्याकडे ५० आसनी एम्ब्रेअर १४५ आणि ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ अशी दोन प्रकारची विमानं आहेत. आता रोज एक जाणं-येणं धरून वर्षाच्या जागा काढा. १८ आसनी विमानात १३,१४०. ७२ आसनीत ५२,५६०, म्हणजे बरोबर चौपट. ५० आसनीत ३६,५००, ७६ आसनीत ५५,४८०. पंचगंगेकाठच्या माणसांची मुंबईची गरज काही वर्षांत चौपट झाली आणि मग जवळपास एक तृतीयांशाने घटली, असं कोणी म्हणणार नाही. विमान बदललं, एवढंच झालं. मधल्या काळात मार्ग बंद होता तेव्हा आकडा शून्य होता, आणि तेव्हाही महालक्ष्मी एक्सप्रेसची प्रतीक्षा यादी होतीच.

त्यामुळे कोणत्याही मध्यम विमानतळाचा तक्ता हातात आला की आधी जागा काढायच्या. एका फेरीला विमानाची आसनं गुणिले दोन, गुणिले त्या महिन्यात प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या. वेळापत्रकातल्या फेऱ्या धरू नका, रद्द झालेल्या वजा करा. ७८ आसनी एटीआरची रोज एक फेरी म्हणजे वर्षाला ५६,९४० जागा, आणि ७५ टक्के भरली तर ४२,७०५ प्रवासी. आठवड्यातून तीन दिवस येणारं ५० आसनी विमान वर्षाला जेमतेम १५,६०० जागा देतं. एखाद्या विमानतळाने वर्षात लाखाचा टप्पा ओलांडला, याचा अर्थ बहुधा तिथे एटीआरच्या रोजच्या दोन-तीन फेऱ्या वर्षभर टिकल्या. प्रवासी म्हणून तिथली माणसं बदललेली नसतात.

तक्ता वाचताना तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

पहिली, प्राधिकरण येणारे आणि जाणारे असे दोन्ही प्रवासी मोजतं. मुंबईला जाऊन परत आलेला एक माणूस कोल्हापूरच्या खात्यात दोनदा येतो. लाख प्रवासी म्हणजे लाख माणसं असा अर्थ घेऊ नका.

दुसरी फसगत विमानांच्या हालचालींच्या रकान्यात होते. विमानाचं प्रत्येक उतरणं आणि प्रत्येक उड्डाण वेगळं मोजलं जातं, आणि त्यात खासगी विमानं, चार्टर, नेत्यांची विमानं, प्रशिक्षणाची उड्डाणं सगळीच येतात. समजा महिन्यात १६,००० प्रवासी आणि ४०० हालचाली आहेत. भागाकार येतो ४०, म्हणजे ७८ आसनी विमान निम्मंच भरलं असं वाटतं. पण त्या ४०० पैकी १०० हालचाली खासगी विमानांच्या असतील तर उरतात ३००, आणि भागाकार जातो ५३ वर. विमान आता ६८ टक्के भरलेलं दिसतं. निवडणुकीच्या महिन्यांत ही चूक जास्तच होते, कारण तेव्हा हेलिकॉप्टर आणि छोटी जेट विमानं दिवसभर ये-जा करत असतात.

तिसरी, साखळी मार्गांची. हैदराबादहून निघून कोल्हापूरला थांबून बेंगळुरूला जाणाऱ्या विमानात काही प्रवासी मधे न उतरता तसेच बसून राहतात. त्यांनी जागा अडवलेली असते, पण ते कोल्हापूरचे प्रवासी नसतात. अशा मार्गावर विमान भरलेलं दिसतं आणि तरी कोल्हापूरहून तिकीट मिळत नाही. मग 'विमान भरतंय, प्रवासी मात्र वाढत नाहीत' हे कोडं पडतं.

एक सवय लावून घ्या: तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चची एप्रिलशी तुलना केली तर दोन वेगळ्या वेळापत्रकांची तुलना होते. जुलैची मेशी केली तर कोल्हापुरात पावसाची आणि सुट्टीची होते.

आता उडानबद्दल, कारण आपल्या भागातले बरेच मार्ग तिच्यावर उभे राहिले. योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली विमान उडालं, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला. व्यवस्था अशी आहे: कंपनीने विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या कमाल दराने विकायच्या, सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. त्यात जो तोटा येईल तो सरकार भरून देतं. ही भरपाई तीन वर्षं मिळते, आणि आठवड्याला जास्तीत जास्त सात उड्डाणांसाठी. तिच्यातला २० टक्के वाटा राज्य सरकारचा. शिवाय अशा विमानतळावर विमान उतरवण्याचं आणि उभं करण्याचं शुल्क माफ, इंधनावरचा राज्याचा कर फक्त १ टक्का. मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये एरवी हा कर २५ टक्के होता. २०२३ मध्ये तो १८ वर आणला गेला.

या रचनेमुळे तीन वर्षं कंपनीला जागा पूर्ण भरण्याची फारशी घाई नसते, आणि चौथ्या वर्षी अचानक असते. भरपाई बंद होते त्या महिन्यात तिकिटाचा सरासरी दर वाढवावा लागतो किंवा विमान काढून घ्यावं लागतं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात उडानच्या मार्गवाटपाच्या तिसऱ्या फेरीपर्यंतचा हिशेब मांडला आहे. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकून राहिले ५४. म्हणून नवा मार्ग जाहीर झाला की माझा पहिला प्रश्न असतो, भरपाईची तीन वर्षं कधी संपतात? ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

भरपाईचा आणखी एक परिणाम शेजारच्या विमानतळावर होतो. २०१८ मध्ये हुबळी उडानमध्ये आलं, बेळगाव नव्हतं. बेळगावची विमानं हुबळीकडे वळली आणि बेळगावच्या सांबरा विमानतळाचा आकडा कोसळला. मार्गवाटपाच्या पुढच्या फेरीत बेळगावचा समावेश झाला आणि तिथे पुन्हा विमानं लागली. बेळगावच्या लोकांचा प्रवास त्या काळात थांबला नव्हता. ते हुबळीला, गोव्याला, पुण्याला गाडीने जात होते. कोल्हापूरलाही हेच लागू आहे. निपाणी, संकेश्वरचा माणूस सांबरा आणि उजळाईवाडी यांत ज्याची वेळ बरी त्याच्याकडे जातो. सांगली, मिरज, इचलकरंजीचा व्यापारी दिल्लीसाठी अजूनही रात्रीच्या गाडीने पुण्याचं लोहगाव गाठतो. जानेवारी २०२३ पासून गोव्यातलं मोपाही त्यात आलं. हे सगळे प्रवासी कोल्हापूरचे आहेत, पण नोंद होतात दुसऱ्याच्या वहीत.

वेळ हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. मुंबईसाठी कोल्हापूरच्या विमानाची खरी स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नाहीच. ती महालक्ष्मी एक्सप्रेसशी आणि स्लीपर बसशी आहे. रात्री जेवून बसायचं, सकाळी मुंबईत. दिवस वाया जात नाही, हॉटेलचा खर्च नाही. विमानाचं अंतर सुमारे ३१० किलोमीटर, उड्डाण तासाभराचं. पण ते दुपारी साडेबाराला निघत असेल तर मंत्रालयातलं काम त्या दिवशी होत नाही. मुक्काम पडतो, आणि विमानाने वाचवलेला वेळ मुक्कामात जातो. सकाळी सातला निघून रात्री आठला परत आणणारी जोडी मिळाली, तर तेच शहर तेच विमान जास्त दर देऊन भरेल.

मग कंपन्या सकाळची वेळ का देत नाहीत? विमान रात्री कुठे झोपतं यावर पहाटेचं उड्डाण ठरतं. कोल्हापूरहून सातला निघायचं तर विमान आदल्या रात्री कोल्हापुरात उभं राहायला हवं. त्यासाठी रात्री उतरण्याची सोय हवी, रात्रभर उभं राहायला ॲप्रनवर (विमानं उभी करण्याच्या पट्ट्यात) मोकळी जागा हवी, वैमानिक आणि कर्मचाऱ्यांना हॉटेल आणि पुरेशी विश्रांती हवी, आणि सकाळी विमान तपासून सही करणारा तंत्रज्ञ हवा. एवढं करण्यापेक्षा कंपनीला विमान हैदराबाद किंवा बेंगळुरूला ठेवणं सोपं पडतं. मग ते विमान तिथून सकाळी सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्या मार्गावर जातं, आणि मध्यम शहराच्या वाट्याला येते दुपार.

मुंबईच्या बाजूने अडचण स्लॉटची, म्हणजे उतरण्या-उडण्यासाठी ठरवून मिळणाऱ्या वेळेची. एका धावपट्टीवर तासाला चाळीस-पंचेचाळीस विमानं हाताळणाऱ्या मुंबईत प्रत्येक स्लॉटला सोन्याचा भाव आहे. ५० किंवा ७० आसनी विमानाला तेवढाच स्लॉट लागतो जेवढा १८६ आसनी एअरबसला. त्यात एटीआर उतरताना सावकाश येते, मागच्या जेटला अंतर ठेवावं लागतं. सकाळच्या गर्दीत छोट्या विमानाला जागा मिळत नाही ती यामुळे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली. तिथे स्लॉट मिळणं सोपं आहे, आणि दक्षिण महाराष्ट्राच्या प्रवाशाला ती जागा सोयीची आहे. मात्र पुढचं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावरून असेल तर सामान घेऊन मुंबई पार करावी लागते, तेव्हा जोडप्रवासाला त्याचा उपयोग कमीच.

यात ऑगस्ट २०२५ पासून एक नवी गोष्ट घडली. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्टला सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील आता कामासाठी कोल्हापूरला येतात. याआधी सकाळी इथून मुंबईला जाणारं विमान हवं होतं. आता सकाळी साडेदहाच्या आत मुंबईहून इथे आणणारंही हवं आहे. दोन्ही दिशांना सकाळी मागणी असणं ही कंपनीसाठी दुर्मीळ चांगली गोष्ट आहे, आणि हे त्यांच्यासमोर नीट आकडेवारीसह कोणीतरी मांडायला हवं.

तिरुपतीचा मार्ग मात्र वेगळ्या जातीचा. अंतर सुमारे ६५५ किलोमीटर, आणि इथे वेळेला फार महत्त्व नाही. बालाजीचं दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरं होत नाही ही श्रद्धा, नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला येणारा शालू, यामुळे या मार्गावर दोन्हीकडून माणसं चढतात. भाविक कुटुंबाने येतात, आधी तिकीट काढतात, दुपारचं विमान त्यांना चालतं. आठवड्यातून तीन-चार दिवसांचं विमानही अशा मार्गावर भरतं. धंद्याच्या मार्गावर तेच चालत नाही, कारण सोमवारी गेलेल्या माणसाला मंगळवारी परत यायचं असतं आणि विमान बुधवारी असतं.

धावपट्टीकडे वळू. छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेला हा विमानतळ १९३९ मध्ये सुरू झाला. बरीच वर्षं १,३७० मीटर असलेली धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली, आणि ती २,३०० मीटरपर्यंत नेण्याचं नियोजन आहे. 'मोठं विमान उतरणार का' असा प्रश्न लोक विचारतात. खरी अडचण उतरण्यापेक्षा उडण्याची असते. आणि उडण्यातही, किती लांब जायचं आहे याची.

उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर, म्हणजे २,००० फूट उंचीवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असेल तर २७ अंश जास्त. दर जादा अंशाला साधारण १२० फूट या ठोकताळ्याने आणखी ३,२४० फूट मिळवले की विमानाला जाणवणारी उंची होते सुमारे ५,२४० फूट, म्हणजे १,६०० मीटर. कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास. इतक्या विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो आणि धाव लांबते. समुद्रसपाटीला, बेताच्या हवेत पूर्ण वजनाच्या एटीआर ७२ ला सुमारे १,३०० ते १,४०० मीटर धावपट्टी लागते. इथल्या उन्हात त्यात बरीच भर पडते, तरी १,९३० मीटरमध्ये ती आरामात निघते. एअरबस ए३२० ला पूर्ण वजनाने समुद्रसपाटीलाच दोन हजार मीटरच्या आसपास लागतात. ती मुंबईपुरतं इंधन भरून हलकी उडू शकेल, पण १,३५० किलोमीटरवरच्या दिल्लीसाठी भरलेली टाकी आणि भरलेल्या जागा दोन्ही घेऊन उन्हाळ्याच्या दुपारी उडणं कठीण. मग जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा सामान मागे राहतं. सामानासह एका प्रवाशाचे ढोबळ ९० किलो धरले तर ५०० किलोची कपात म्हणजे पाच-सहा प्रवासी, आणि कमी फायद्याच्या मार्गावर नफा तेवढ्याच प्रवाशांत असतो. सकाळची वेळ इथेही उपयोगी पडते. सकाळी सातला हवा थंड असते आणि त्याच धावपट्टीवरून जास्त वजन उचलता येतं.

छापलेली लांबी पूर्ण वापरता येईलच असंही नाही. धावपट्टीच्या टोकाबाहेर सुरक्षा पट्टा लागतो, किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. उतरण्याच्या वाटेत उंच झाड, मोबाईलचा मनोरा किंवा चिमणी आली तर उतरण्याची रेषा आत सरकवावी लागते. म्हणून प्रत्येक दिशेसाठी धावण्याची, थांबण्याची आणि उतरण्याची लांबी वेगवेगळी जाहीर करतात. विमानतळाभोवती बांधकामाच्या उंचीला ना-हरकत दाखला लागतो तो याचसाठी. एका इमारतीचे वाढवलेले दोन मजले सगळ्या जिल्ह्याच्या विमानाची लांबी खातात.

अग्निशमनाचाही विचार कंपन्या करतात, आणि त्याची चर्चा कुठेच होत नाही. अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरते, प्रवाशांच्या संख्येवरून नाही. एटीआर ७२ ची लांबी २७ मीटर, म्हणून श्रेणी ५, किमान एक गाडी. एम्ब्रेअर १७५ मध्ये जवळपास तितक्याच जागा, पण लांबी ३१ मीटरच्या वर, म्हणून श्रेणी ६, किमान दोन गाड्या. फेऱ्या कमी असतील तर, म्हणजे सगळ्यात गजबजलेल्या तीन महिन्यांत ७०० हालचालींच्या आत असतील तर, आंतरराष्ट्रीय नियमात एक श्रेणी खाली उतरण्याची मुभा आहे. पण गाडी दुरुस्तीला गेली आणि श्रेणी घसरली, तर धावपट्टी कितीही लांब असली तरी विमान येत नाही.

पावसाळ्याचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा: ज्या विमानतळावर उतरण्यासाठी रेडिओ लहरींनी वाट दाखवणारी आयएलएस यंत्रणा नाही तिथे वैमानिकाला धावपट्टी बरीच आधी डोळ्यांनी दिसावी लागते. जुलैत ढग खाली आले की विमान घिरट्या घालतं आणि दुसरीकडे वळतं किंवा निघतच नाही. एक फेरी रद्द झाली की जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन्हीकडच्या जागा जातात. दहा दिवस असे गेले तर त्या महिन्यातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या जागा गेल्या, आणि पुढचे दोन महिने लोक भरवसा नाही म्हणून रेल्वेचं तिकीट काढतात. त्यावर विमानतळ चालू राहण्याचे तास ठरलेले असतात. उशिरा निघालेलं विमान तास संपण्याआधी पोचणार नसेल तर तेही रद्द होतं, जोपर्यंत कंपनी आधी विनंती करून वेळ वाढवून घेत नाही. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीचा रद्द होण्याचा इतिहास पाहिला तर पावसाइतकंच हे कारण सापडतं.

१० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता वर्षाच्या आकड्यात सांगितली जाते, पण टर्मिनल अडतं ते गर्दीच्या तासात. दोन ७८ आसनी विमानं वीस मिनिटांच्या फरकाने आली की १५६ उतरणारे आणि १५६ चढणारे, असे ३१२ प्रवासी त्याच तासात येतात. मग सुरक्षा तपासणीची रांग लांबते, विमान उशिरा निघतं आणि पुढच्या शहरातला स्लॉट चुकतो. तीच दोन विमानं दीड तासाच्या अंतराने आली तर निम्म्या जागेत काम होतं.

पालकमंत्र्यांना, खासदारांना, कंपनीला निवेदन देताना 'अमुक शहराला विमान द्या' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या महिन्यात सांगली, निपाणीकडून किती लोक पुण्याला किंवा सांबऱ्याला गेले याची व्यापारी संघटनांकडून घेतलेली यादी जोडा. सकाळची कोणती वेळ हवी, ती का, आणि परतीची कोणती, हे लिहा. रात्री विमान उभं करायला किती जागा मोकळ्या आहेत, विमानतळाचे तास किती वाढवावे लागतील, उन्हाळ्यात वजनाची कपात किती बसेल, भरपाई संपल्यावर पहिलं वर्ष कोणत्या संस्था किती जागा आगाऊ घेतील, हे मांडा. एखाद्या साखर कारखान्याने, फाउंड्री संघटनेने किंवा वकील संघटनेने महिन्याला ठरावीक जागांची लेखी हमी दिली, तर ती कंपनीच्या हिशेबात आधी बसते.

आणि पुढच्या महिन्याचा तक्ता आला की प्रवाशांच्या रकान्याशेजारी स्वतः एक रकाना आखा, उपलब्ध जागांचा. वर्षभर भरलात तर कुठल्या महिन्यात जागाच नव्हत्या आणि कुठल्या महिन्यात असूनही भरल्या नाहीत, हे त्यात दिसेल. भरल्या नाहीत त्या महिन्यांत विमान किती वाजता येत होतं, तेही समोर लिहून ठेवा.